नाताळच्या आठवणी आणि आठवणींतला नाताळ

(आगमनकाळासाठी अभ्यासलेख)



आगमनकाळात घरभेटीला गेलो की एक वाक्य हमखास कानावर पडते: "फादर, आमच्या वेळचा नाताळ आता राहिला नाही." बोलणारे बहुधा सत्तरी ओलांडलेले असतात. घरातील तरुण मंडळी हसतात, नातवंडे मोबाईलमध्ये पाहत असतात आणि विषय तिथेच संपतो. मला मात्र वाटते की तो संपू नये. या एका वाक्यात दुःख आहे, अभिमान आहे, तक्रार आहे आणि न विचारलेला एक प्रश्नही आहे: माझ्या नाताळच्या आठवणींचे मी काय करायचे? त्या कपाटात ठेवायच्या, त्यांच्यावर रडायचे, की त्या कोणाला द्यायच्या?

हा प्रश्न केवळ वृद्धांचा नाही. चाळिशीतला माणूसही "आमच्या लहानपणी" असे म्हणू लागतो. मीही म्हणतो. म्हणून यंदाच्या आगमनकाळात आठवण या विषयाचा श्रद्धेच्या प्रकाशात थोडा अभ्यास करू या.

१. आठवणींची शिदोरी

'नाताळ' हा शब्दच मुळी एक आठवण आहे. जन्म या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून पोर्तुगीज 'नाताल' आला आणि सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर तो आपल्या किनाऱ्यावर उतरला. १७३९ साली वसई मराठ्यांनी जिंकली, पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर बहुतेक परदेशी धर्मगुरूही गेले. शब्द मात्र राहिला आणि सणही राहिला. इथल्या मोजक्या धर्मगुरूंनी आणि घराघरांतल्या वडीलधाऱ्यांनी तो जपला. ज्यांची नावे आज कोणालाच ठाऊक नाहीत, अशा माणसांनी आपल्या मुलांना नाताळ दिला म्हणून तो आपल्यापर्यंत आला.

आज आपल्या धर्मग्रामात नाताळच्या निदान तीन पिढ्यांच्या आठवणी एकत्र नांदत आहेत.

पहिली पिढी आजी-आजोबांची. त्यांच्या लहानपणी मिस्सा लॅटिनमध्ये होती. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून उभे असत. शब्द कळत नसत, पण गुडघे केव्हा टेकायचे आणि घंटा केव्हा वाजणार हे पोराटोरांनाही ठाऊक असे. चर्चच्या १९१७ च्या धर्मसंहितेनुसार नाताळचा आदला दिवस उपवासाचा होता. ख्रिस्तप्रसाद घ्यायचा तर मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही घ्यायचा नाही, हा नियम १९५३ साली सैल होऊ लागला. बैलाच्या रहाटावर बागायतीला पाणी देणारी, पहाटे उठून भाजी, फुले आणि केळी मुंबईच्या बाजारात पाठवणारी ही माणसे. वर्षातून एकदाच नवे कपडे मिळत आणि तेही एकाच ताग्यातले, त्यामुळे पाचही भाऊ एकाच रंगाचे सदरे घालून देवळात रांगेने बसत.

दुसरी पिढी माझ्या वयाच्या मंडळींची. आम्हाला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतरची (१९६२-६५) मराठी मिस्सा आयती मिळाली. मराठी गीते, मराठी वाचने, गायनमंडळात पेटी आणि तबला. आम्ही बांबूच्या कामट्या तासून, दोऱ्याने बांधून, खळ लावून, पतंगी कागदाचा तारा करायचो. तो वाकडा व्हायचा. एक पाकळी हमखास फाटायची आणि तिला वेगळ्याच रंगाच्या कागदाचे ठिगळ लागायचे. गोठ्यासाठी पंधरा दिवस आधी पत्र्याच्या डब्यात नाचणी किंवा गहू पेरायचा, म्हणजे नाताळला हिरवेगार रोप तयार. रात्री घरात सगळ्या बायका एकत्र बसून नेवऱ्या भरत, कंगव्यावर कलकल वळत. सांदणांसाठी ताडी आणायला कोणाला तरी पिटाळलेले असे. केक करायचा तर पातेल्यात वाळू तापवून, झाकणावर निखारे ठेवून. तळाला तो करपलेला असे आणि त्या करपलेल्या भागासाठीच आमची भांडणे होत.

तिसरी पिढी आजच्या मुलांची. त्यांचा तारा विजेच्या दिव्यांचा आहे, केक ऑर्डर करून येतो, काका कॅनडातून व्हिडिओ कॉलवर गोठा पाहतात. त्यांच्या आठवणीत आणखी एक नाताळ कायमचा राहणार आहे: २०२० चा. त्या वर्षी महाराष्ट्रातील महानगरपालिकांच्या हद्दीत २२ डिसेंबरपासून रात्रीची संचारबंदी होती. मध्यरात्रीची मिस्सा मध्यरात्री झाली नाही. अनेक कुटुंबांनी मोबाईलच्या पडद्यासमोर बसून ती पाहिली. त्या रात्री देवळात जाता न आल्याने जी हुरहूर वाटली, तीही नाताळचीच आठवण आहे आणि कदाचित पुढे तीच सर्वांत खोल ठरेल.

ही आपली शिदोरी. आता प्रश्न असा की तिचे करायचे काय?

२. काकड्या आणि कांदे: फसवी आठवण

पवित्र शास्त्र आठवणीविषयी फार सावध आहे. गणना पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात इस्राएल लोक वाळवंटात रडत बसलेले दिसतात. त्यांना काय आठवते? मिसर देशात फुकट मिळणारे मासे, काकड्या, खरबुजे, कांदे आणि लसूण. आपल्या बागायतदार वाडवडिलांना ही यादी लगेच कळली असती! पण त्या यादीत एक गोष्ट नाही. पाठीवरचे कोरडे नाही. विटा भाजायची सक्ती नाही. नदीत फेकली गेलेली बाळे नाहीत. कांद्याचा वास लक्षात राहिला आणि गुलामगिरी मात्र विसरली.

अशी आठवण खोटी नसते. काकड्या खरोखरच होत्या. पण ती अर्धी असते, आणि अर्धी आठवण माणसाला पुढे चालू देत नाही. त्या लोकांना वचनदत्त भूमीकडे जायचे होते, आणि त्यांची आठवण त्यांना मागे ओढत होती.

आपल्याही जुन्या नाताळात काकड्या आणि कांदे पुष्कळ आहेत. पण त्या दिवसांतले बाकीचेही आठवू या. एकाच ताग्यातले सदरे दिसायला छान होते, पण त्यामागे सावकाराची उधारी होती. पन्नास माणसांचा स्वयंपाक झाला, पण तो करणाऱ्या बाईला मिस्सातून आल्यावर पाठ टेकायला मिळाली नाही. अंगणात सगळे जमले, पण शेतावर राबणारे आदिवासी कुटुंब अंगणाच्या कडेलाच बसले. दवाखाना दूर होता आणि प्रत्येक घरात न जगलेल्या एखाद्या बाळाची आठवण होती. उपदेशक पुस्तकाचा लेखक (७:१०) स्पष्टच बजावतो की पूर्वीचे दिवस आतापेक्षा बरे का होते, असे विचारणे शहाणपणाचे नव्हे. याचा अर्थ जुने दिवस वाईट होते असा नाही. अर्थ एवढाच की हा प्रश्न माणसाला कुठेच नेत नाही.

मग शास्त्राला कोणती आठवण हवी आहे? अनुवाद पुस्तकात देव लोकांना पुन्हा पुन्हा आठवण ठेवायला सांगतो, पण कांद्यांची नव्हे. तुम्ही मिसरात दास होता हे आठवा, असे तो म्हणतो, आणि लगेच पुढची आज्ञा देतो: म्हणून परक्याचा, अनाथाचा, विधवेचा न्याय विपरीत करू नका, शेतात विसरलेली पेंढी आणायला परत जाऊ नका, ती त्यांच्यासाठी राहू द्या (अनुवाद २४:१७-२२). इथे आठवण आणि कर्तव्य एकाच वाक्यात येतात. जी आठवण कोणासाठी तरी पेंढी शेतात ठेवायला लावते ती खरी. जी केवळ उसासा टाकते ती कांद्याची.

३. मरियेने काय जपले?

नाताळची पहिली आठवण कोणाची? अर्थातच पवित्र मरियेची. संत लूक दोनदा सांगतो की मरियेने घडलेले सारे अंतःकरणात जपून ठेवले (लूक २:१९ आणि २:५१). पहिल्या ठिकाणी त्याने जे ग्रीक क्रियापद वापरले आहे त्याचा मूळ अर्थ 'एकत्र टाकणे, एकाशी एक जुळवणे' असा आहे. सुट्या मण्यांची माळ करावी तसे मरिया घटनांना घटना जोडून पाहत होती.

तिच्याजवळ कोणते मणी होते ते पाहा. देवदूताचा निरोप आहे, मेंढपाळांचा आनंद आहे. पण उतारशाळेत न मिळालेली जागा आहे, गव्हाणीतले गवत आहे. थोड्याच दिवसांनी शिमोनाने उच्चारलेले तलवारीचे शब्द आहेत. रात्रीतून मिसरकडे पळणे आहे. लूकच्या दुसऱ्या उल्लेखाआधी तर तो स्पष्ट सांगतो की मुलाचे बोलणे मरिया आणि योसेफ यांना समजले नाही. तरीही तिने ते टाकून दिले नाही. न समजलेलेही तिने जपले.

यातून आठवणीचा पहिला धडा मिळतो: फक्त गोड आठवणी जपणे हे मरियेचे जपणे नव्हे. ज्या वर्षी घरात मृत्यू झाला तो नाताळ, ज्या वर्षी नोकरी गेली तो नाताळ, ज्या वर्षी मुलगा न सांगता घर सोडून गेला तो नाताळ, हेही मणी त्याच माळेत ओवायचे आहेत. त्यांचा अर्थ आज लागणार नाही. मरियेलाही लगेच लागला नव्हता. ती क्रुसापर्यंत आणि त्यानंतर वरच्या माडीवरील प्रार्थनेपर्यंत तो धागा हातात धरून राहिली.

४. आठवण मागची, की आजची?

आता थोडे तत्त्वज्ञान. कंटाळू नका, फार नाही!

संत अगस्तीन यांनी इ.स. ४०० च्या सुमारास 'कबुलीजबाब' हा ग्रंथ लिहिला. त्याच्या दहाव्या भागात ते स्मृतीविषयी आणि अकराव्या भागात काळाविषयी विचार करतात. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: भूतकाळ निघून गेला, भविष्यकाळ अजून आला नाही; मग आपण जे अनुभवतो ते काय? ते सारे आपल्या मनात आत्ताच असते. गेलेल्याचे आत्ता असणे म्हणजे स्मृती, समोरच्याचे आत्ता असणे म्हणजे लक्ष, येणाऱ्याचे आत्ता असणे म्हणजे अपेक्षा.

आपला आगमनकाळ याच तीन गोष्टींनी विणलेला आहे. सुरुवातीपासून १६ डिसेंबरपर्यंतच्या उपासना प्रभूच्या पुन्हा येण्याकडे विशेष लक्ष वेधतात: ती अपेक्षा. १७ ते २४ डिसेंबरचे दिवस बेथलेहेमातील जन्माच्या तयारीचे: ती स्मृती. आणि दोन्हींच्या मध्ये आजची मिस्सा, आज दाराशी आलेला माणूस: तिथे लक्ष हवे. यांतले एक जरी सुटले तरी सण लंगडा होतो. केवळ स्मृती असेल तर नाताळ संग्रहालय होतो. केवळ अपेक्षा असेल तर तो खरेदीची यादी होतो.

म्हणून उपासनेत चर्च 'येशू जन्मला होता' असे म्हणत नाही, तर 'आज' जन्मला असे म्हणते. पाचव्या शतकातील पोप संत लिओ महान (४४०-४६१) यांच्या नाताळच्या प्रवचनांतही या 'आज'वर भर आहे. यहुदी लोकांच्या वल्हांडण सणातही हीच समज आहे: प्रत्येक पिढीने स्वतःच मिसरातून बाहेर पडल्यासारखे मानायचे. मिस्सामध्ये आपण प्रभूचे जे 'स्मरण' करतो तेही असेच आहे. ते जुना फोटो पाहणे नव्हे. ज्याची आठवण करतो तो तिथे उपस्थित असतो.

एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. पहिल्या दोन-अडीच शतकांत ख्रिस्ती लोक नाताळचा सण पाळत असल्याची नोंद मिळत नाही. २५ डिसेंबरची नोंद इ.स. ३५४ मधील एका रोमन पंचांगात आढळते. म्हणजे कितीतरी संत आणि रक्तसाक्षी नाताळचा सण न पाहताच प्रभूकडे गेले. त्यांच्याजवळ तारा नव्हता, गोठा नव्हता, केक नव्हता. पण दर आठवड्याला भाकर मोडून केलेले स्मरण होते. हे ध्यानात ठेवले तर आपल्या कोणत्या परंपरा मुळातल्या आणि कोणत्या फांद्यांवरच्या, हे ओळखायला सोपे जाते.

५. विसरलेले बाळ: ग्रेच्चोची गोष्ट

फांदी म्हणजे टाकाऊ नव्हे. गोठ्याचेच उदाहरण घ्या.

१२२३ साली इटलीतील ग्रेच्चो या डोंगरगावी असिसीकर संत फ्रान्सिसने नाताळच्या साधारण पंधरा दिवस आधी आपल्या एका मित्राला निरोप दिला: गव्हाण कर, गवत आण, बैल आणि गाढव आण, बाळ येशूला किती उणीव सोसावी लागली ते मला डोळ्यांनी पाहायचे आहे. त्या रात्री आजूबाजूचे लोक मशाली आणि मेणबत्त्या घेऊन डोंगर चढून आले. गव्हाणीवरच मिस्सा झाली. फ्रान्सिस उपधर्मगुरू म्हणजे डीकन होता, त्याने शुभवर्तमान गाऊन वाचले. गव्हाणीत बाळाची मूर्ती नव्हती. मरिया-योसेफही नव्हते.

फ्रान्सिसचे पहिले चरित्रकार थॉमस ऑफ चेलानो यांनी पुढे एक विलक्षण गोष्ट नोंदवली आहे. जमलेल्यांपैकी एकाला गव्हाणीत निपचित पडलेले बाळ दिसले आणि फ्रान्सिस त्याच्याजवळ जाऊन त्याला झोपेतून जागे करीत आहे असे दिसले. चरित्रकार त्याचा अर्थ लावतात तो असा की अनेकांच्या हृदयात बाळ येशू विसरला गेला होता आणि देवाच्या कृपेने फ्रान्सिसमुळे तो पुन्हा जागा झाला.

म्हणजे गोठ्याची परंपरा विसरण्यावरचे औषध म्हणून जन्माला आली! पोप फ्रान्सिस यांनी १ डिसेंबर २०१९ रोजी त्याच ग्रेच्चोला जाऊन गोठ्याच्या अर्थाविषयीच्या प्रेषितीय पत्रावर स्वाक्षरी केली. २०२३ मध्ये या प्रथेला ८०० वर्षे झाली.

आपल्या भूमीतही असेच घडले आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू गोव्यात आले, मराठी शिकले आणि त्यांनी दहा हजारांहून अधिक ओव्यांचे 'ख्रिस्तपुराण' रचले. ते १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. ओवी ही इथल्या माणसाच्या कानात आधीपासूनच होती. त्या ओळखीच्या चालीत त्यांनी बेथलेहेमची कथा घातली. फ्रान्सिसने डोळ्यांसाठी जे केले, तेच स्टीफन्स यांनी कानांसाठी केले.

६. परंपरा सुपूर्द करणे

'परंपरा' या अर्थाचा युरोपीय भाषांतील शब्द ज्या लॅटिन क्रियापदावरून आला, त्याचा अर्थ 'हाती देणे'. गंमत म्हणजे शुभवर्तमानाच्या लॅटिन भाषांतरात यहुदाने येशूला शत्रूंच्या हाती दिले, तिथेही तेच क्रियापद आहे. हाती देणे म्हणजे सुपूर्द करणेही होऊ शकते आणि विकून टाकणेही. परंपरेच्या बाबतीत या दोन्ही शक्यता नेहमीच असतात.

मग जुने काय ठेवावे आणि काय सोडावे? तीन साधे प्रश्न विचारावेत असे मला वाटते.

पहिला: या प्रथेमुळे माणसे जवळ येतात का? नेवऱ्या घरी केल्या की विकत आणल्या, हा मुद्दा नाही. नोकरी करून संध्याकाळच्या लोकलने लटकत घरी येणाऱ्या सुनेवर 'आमच्या वेळी' म्हणून शंभर नेवऱ्यांचे ओझे टाकणे ही परंपरा नव्हे. पण वीसच नेवऱ्या करायच्या आणि त्या सासू, सून, मुलगा व नातू यांनी मिळून भरायच्या, हे जमले तर नेवरीतल्या खोबऱ्यापेक्षा मोठी गोष्ट पुढे दिली गेली.

दुसरा: ही प्रथा घराबाहेर पोहोचते का? आपल्याकडे नाताळचे ताट शेजाऱ्यांकडे जाते, आणि दिवाळीत त्यांचे फराळाचे ताट आपल्याकडे आलेले असते. ताट रिकामे परत करायचे नाही, ही रीत मला एखाद्या प्रवचनाइतकी मोलाची वाटते. आता आपण इमारतींत राहतो आणि शेजारचे दार बंद असते. ते ठोठावणे ही आजची परंपरा.

तिसरा: या प्रथेत येशू दिसतो का? गोठ्यांच्या स्पर्धा होतात, धबधबे, डोंगर आणि आगगाड्या तयार होतात. तरुणांचे कष्ट पाहून कौतुक वाटते. पण गोठा पाहून घरी गेलेल्या लहान मुलाला विचारा, "काय पाहिलेस?" उत्तर 'आगगाडी' असेल, तर पुढच्या वर्षी आगगाडी थोडी लहान करू या.

७. आठवणीची तीन अवघड दारे

इथवरचे सारे सोपे होते. पण आपल्या धर्मग्रामात अशी घरे आहेत जिथे नाताळच्या आठवणी म्हणजे आनंद नाही. अशा तीन दारांपाशी थांबू या.

पहिले दार शोकाचे. यंदा ज्या घरातील माणूस गेले, तिथे जेवणाच्या वेळी एक जागा रिकामी राहील. लोक अशा घरी त्या माणसाचे नाव काढायला घाबरतात. तसे करू नका. नाव काढा, त्यांची आवडती गोष्ट सांगा, रडू आले तर येऊ द्या. मिस्सामध्ये आपण दर वेळी मृतांची आठवण करतो, ती दुःख उकरण्यासाठी नव्हे. ते प्रभूमध्ये आपल्याशी जोडलेले आहेत म्हणून.

दुसरे दार विस्मरणाचे. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देताना मला असे वृद्ध भेटतात ज्यांना स्वतःच्या मुलाचे नाव आठवत नाही. घरचे खजील होतात, म्हणतात, "फादर, त्यांना आता काही कळत नाही." पण अनेकदा असे दिसते की नाताळचे जुने गीत सुरू केले की ओठ हलू लागतात. बोललेले शब्द हरवतात, पण गायलेले पुष्कळदा टिकून राहतात. आणि समजा तेही गेले, तर? ज्याची आठवण पुसली गेली त्याचा नाताळही पुसला गेला का? नाही. आपली श्रद्धा आपण देवाला किती आठवतो यावर उभी नाही, देव आपल्याला आठवतो यावर उभी आहे. आई एक वेळ आपल्या तान्ह्या बाळाला विसरेल, पण मी विसरणार नाही, अशा अर्थाचे वचन यशयाच्या मुखातून प्रभूने दिले आहे (यशया ४९:१५). त्या वृद्धासाठी त्याचे कुटुंब आठवते, कुटुंबासाठी चर्च आठवते आणि सर्वांसाठी प्रभू. म्हणून अशा आजी-आजोबांना सणाच्या दिवशी आतल्या खोलीत ठेवू नका. गोठ्यासमोर बसवा. त्यांच्यासाठी गा.

तिसरे दार भांडणाचे, आणि ते सर्वांत जड. वसईत जमिनीचे भाव वाढले तसे भावाभावांतले अंतरही वाढले. एकाच ताग्याचे सदरे घालून रांगेने बसणारे भाऊ आज देवळाच्या दोन टोकांना बसतात. वाटणी, सही, रस्ता, विहिरीचा हिस्सा: कोण चुकले हे ठरवण्याचे काम या लेखाचे नाही, आणि काही वेळा न्याय मागावाच लागतो. पण एक पाहा. अशा घरात विचारले, तर भांडणाची तारीख, साल, कोण काय बोलले ते शब्दाशब्दाने आठवते. आणि त्याच भावाने लहानपणी आपल्या वाट्याचा केकचा करपलेला तुकडा आपल्याला दिला होता, हे मात्र आठवत नाही. स्मृतीने एकच मणी हातात धरून ठेवला आहे. मरियेसारखे सगळे मणी एकत्र ओवायचे, तर तो केकचा तुकडाही ओवावा लागेल.

ज्या घरी वर्षानुवर्षे नाताळचे ताट गेले नाही, त्या घरी यंदा ते पाठवा. चिठ्ठी नको, स्पष्टीकरण नको. ताट परत येईल की नाही याचा हिशोब नको. बेथलेहेमला देवाने आपला पुत्र पाठवला तेव्हा आपल्याकडून काय परत येईल याचा हिशोब त्याने केला नव्हता.

८. या आठवड्याचा गृहपाठ

अभ्यासलेख आहे, म्हणून गृहपाठही हवा.

घरी: नाताळपूर्वीच्या एका संध्याकाळी रोजरीनंतर टीव्ही आणि मोबाईल अर्धा तास बंद ठेवा. घरातील सर्वांत वडीलधाऱ्या व्यक्तीने आपल्या लहानपणीच्या नाताळची एक गोड आणि एक कठीण आठवण सांगावी. मुलांनी ती वहीत लिहून घ्यावी, जमल्यास आवाजही मुद्रित करावा. नंतर घरातील सर्वांत लहान मुलाने यंदाच्या नाताळात त्याला काय आवडते ते सांगावे आणि मोठ्यांनी मध्ये न बोलता ऐकावे.

लहान ख्रिस्ती समूहात चर्चेसाठी:
१. गणना ११:४-६ आणि अनुवाद २४:१७-२२ वाचा. या दोन आठवणींत फरक कोणता?
२. आपल्या समूहातील कोणती नाताळची प्रथा माणसे जोडते? कोणती केवळ खर्च वाढवते?
३. आपल्या वाडीत किंवा इमारतीत यंदा शोक असलेले, एकटे राहणारे, अंथरुणाला खिळलेले कोण आहेत? त्यांच्याकडे कोण, केव्हा जाईल? (नावे आणि दिवस ठरवूनच सभा संपवा.)

व्यक्तिगत: ज्याच्याविषयी फक्त कडू आठवण उरली आहे अशा एका व्यक्तीची एक चांगली गोष्ट प्रयत्नाने आठवा आणि ती घेऊन मिस्साला या.

प्रार्थना

हे प्रभो, तू आमची आठवण ठेवून आमच्यात माणूस झालास. आमच्या आजी-आजोबांच्या देवळात तू जन्मलास, आमच्या बालपणीच्या वाकड्या ताऱ्याखाली जन्मलास, आमच्या मुलांच्या घरीही जन्म घे. जे आम्हाला आठवते त्याबद्दल तुझे आभार. जे आम्ही विसरलो ते तुझ्याजवळ सुरक्षित असू दे. जे विसरता येत नाही ते सहन करण्याची आणि क्षमा करण्याची शक्ती दे. ज्यांना आता काहीच आठवत नाही त्यांना तुझ्या उराशी धर. आमेन.

सर्वांना आगमनकाळाच्या आणि येणाऱ्या नाताळच्या प्रेमपूर्वक शुभेच्छा.

आपला,
प्रमुख धर्मगुरू